मॉलेक्युलर सेल बायोलॉजीत पीएचडी करायचीय, पण नक्की कशावर?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एमएस्सी संपत आलंय, पीएचडी मॉलेक्युलर सेल बायोलॉजीतच करायची हे पक्कं आहे, पण क्रिस्पर, सिंगल सेल, क्रायो-ईएम, ऑर्गनॉइड, ऑटोफॅजी, फेज सेपरेशन अशी लांबलचक यादी समोर आहे आणि यातलं पुढची दहा वर्षं टिकणारं कोणतं ते कळत नाहीये. शिवाय शेवटी दोन जोडप्रश्न आहेत, अल्फाफोल्ड (प्रोटीनच्या आकाराचा अंदाज सांगणारा एआय प्रोग्रॅम) आल्यावर प्रयोग करणाऱ्यांना काम उरणार का आणि कोडिंग शिकावंच लागेल का. मी या विषयात बरीच वर्षं आहे, काम मुख्यतः पेशी नको झालेली प्रोटीनं आणि खराब झालेले भाग कसे मोडून काढते यावर, त्यामुळे त्या बाजूला थोडं झुकतं माप मिळेल हे धरून वाचा.

आधी यादीबद्दल. यात दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एकत्र झाल्यात. क्रिस्पर (हव्या त्या जागी जीन कापणं किंवा बदलणं), सिंगल सेल सिक्वेन्सिंग (एकेका पेशीतला आरएनए वाचणं), क्रायो-ईएम (गोठवलेला नमुना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने बघणं), ऑर्गनॉइड (मूळपेशींपासून वाढवलेले अवयवासारखे छोटे गोळे) ही तंत्रं आहेत. ऑटोफॅजी (पेशीने स्वतःचेच भाग मोडून पचवणं) हा प्रश्न आहे. तंत्रं येतात, महाग असतात, मग स्वस्त होतात आणि सगळ्यांच्या लॅबमध्ये पोचतात, प्रश्न मात्र तेच राहतात. प्रोटीन बनल्यावर आपल्या जागी कसं पोचतं, पेशी विभागायचं केव्हा ठरवते, नको झालेलं कसं मोडते, डीएनए एकच असून यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी वेगळी का, बाहेरचा संदेश आत कसा जातो, आणि मरायचं केव्हा हे कसं ठरतं. आज गाजणारं जवळजवळ कुठलंही काम घ्या, ते यातल्याच एखाद्या प्रश्नाला जाऊन मिळतं.

म्हणून मी क्षेत्र निवडताना गाजावाजा बघत नाही. मी बघतो की या क्षेत्रात असा प्रयोग करता येतो का, जो मला स्पष्टपणे 'तुझी कल्पना चूक आहे' असं सांगू शकेल. ज्या क्षेत्रात प्रत्येक निकाल कुठल्यातरी गोष्टीला दुजोरा देतो आणि काहीच खोटं ठरत नाही, तिथे पेपर निघतात पण तुम्ही पाच वर्षांत फारसं शिकत नाही. हे बोलायला सोपं आहे, म्हणून माझ्याच विषयातलं उदाहरण जरा खोलात जाऊन देतो.

लायसोसोम, म्हणजे पेशीतली पचवणारी पिशवी, क्रिश्चियन द दूव्ह यांनी 1950 च्या दशकात शोधला, ऑटोफॅजी हे नाव त्यांनीच 1963 मध्ये दिलं. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं लोकांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दुहेरी पडद्याच्या पिशव्या दिसत होत्या, पण त्या बनवणारी जीन्स कोणती हे काही कळत नव्हतं. योशिनोरी ओसुमी यांनी यीस्ट घेतलं, कारण यीस्टमधली व्हॅक्युओल (तिथला लायसोसोमच म्हणा) साध्या लाइट मायक्रोस्कोपनेही दिसते एवढी मोठी असते. त्यांनी व्हॅक्युओलमधले पचवणारे एन्झाइम नसलेलं यीस्ट उपाशी ठेवलं. आत आलेला माल पचतच नाही, त्यामुळे काही तासांत व्हॅक्युओलमध्ये छोटे गोळे साठून फिरताना दिसायला लागले. हे 1992 चं काम. आता एक साधी चाचणी हातात आली, गोळे दिसतात की नाही. मग म्युटंट (जीन बदललेलं यीस्ट) शोधायचे, ज्यात उपाशी ठेवूनही गोळे येत नाहीत त्यात ऑटोफॅजीचं एखादं जीन बिघडलेलं असणार, आणि 1993 पर्यंत अशी पंधराएक जीन्स हाताशी आली. 2016 चं नोबेल याच कामाला मिळालं. यंत्र म्हणाल तर साधंच होतं, सगळी कमाल हो किंवा नाही असं उत्तर देणारी चाचणी रचण्यात होती.

माणसाच्या पेशींत गोष्ट अवघड होते. इथे आपण एलसी3 नावाचं प्रोटीन बघतो. ऑटोफॅजी सुरू झाली की एलसी3 ला एक लिपिड जोडलं जातं आणि ते पिशवीच्या पडद्याला चिकटतं. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीनं जेलमध्ये वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) दोन पट्ट्या दिसतात, वरची साध्या एलसी3 ची, खालची लिपिड जोडलेल्याची. लिपिडवालं खरं तर जड, पण जेलमध्ये ते जास्त वेगाने पळतं म्हणून खाली दिसतं. नवा विद्यार्थी औषध टाकतो, खालची पट्टी गडद होते आणि तो लिहून टाकतो की औषधाने ऑटोफॅजी वाढवली. इथे थांबायचं. नाल्यात पाणी वाढलेलं दिसलं तर वरून जास्त येतंय की पुढे तोंड तुंबलंय हे नुसती पातळी बघून कळत नाही, तसंच आहे हे. पिशव्या जास्त बनत असतील तरी पट्टी गडद होते आणि लायसोसोम काम करत नसेल, म्हणजे पिशव्या मोडत नसतील, तरी गडदच होते. दोन अर्थ एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

यावर उपाय म्हणजे चार नमुने एकत्र चालवायचे. काहीच न टाकलेला, फक्त औषध, फक्त बॅफिलोमायसिन (हे लायसोसोममधली आम्लता घालवतं त्यामुळे पुढचं मोडणं थांबतं), आणि दोन्ही एकत्र. नुसत्या बॅफिलोमायसिनपेक्षा दोन्ही एकत्र असताना पट्टी आणखी गडद झाली तर पिशव्या खरंच जास्त बनतायत. काहीच फरक पडला नाही तर बहुतेक तुमचं औषध पुढची वाट अडवतंय, आणि मग तुमची मूळ कल्पना गेली. बॅफिलोमायसिनचा डोस इतका जास्त असता कामा नये की पट्टी आधीच टोकाला पोचलेली असेल, नाहीतर वाढ दिसायला जागाच उरत नाही, आणि वेळही थोडाच ठेवायचा, बहुतेक पेशींत दोन ते चार तास. एखाद्या लॅबच्या पेपरमध्ये हा चौथा नमुना आहे की नाही एवढं बघूनही त्या लॅबबद्दल मला बरंच कळतं.

याच विषयातला आज उघडा असलेला प्रश्न सांगतो म्हणजे नवीन माणसाला अजून जागा आहे हे लक्षात येईल. 2008 मध्ये रिचर्ड यूल यांच्या लॅबने दाखवलं की पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचा विद्युत दाब गेला की पार्किन हे प्रोटीन त्याच्यावर जाऊन बसतं आणि तो मायटोकाँड्रिया ऑटोफॅजीकडे जातो. पार्किन आणि त्याच्या आधी काम करणारं पिंक1, या दोन्ही जीन्समधल्या बिघाडाने कमी वयात पार्किन्सन्स होतो, त्यामुळे गोष्ट फारच जुळून आली. पण नंतर यावर झालेलं बरंचसं काम हेला पेशींत (लॅबमध्ये वर्षानुवर्षं वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या कॅन्सरपेशी) झालंय, आणि हेलामध्ये स्वतःचं पार्किन जवळजवळ नसतंच, ते बाहेरून भरपूर घालावं लागतं, वर सीसीसीपीसारखं रसायन टाकून सगळ्या मायटोकाँड्रियांचा दाब एका झटक्यात घालवावा लागतो. शरीरात असं कधी होतं? 2018 मध्ये ही मोडतोड दाखवणारं रिपोर्टर प्रोटीन असलेल्या उंदरांवर काम झालं तेव्हा दिसलं की पिंक1 काढून टाकलं तरी बऱ्याच ऊतींत रोजची मायटोकाँड्रियांची मोडतोड जवळपास तशीच चालू राहते. म्हणजे ताटलीत वाढवलेल्या पेशींतली यंत्रणा खरी आहे, तिचे टप्पे नीट सिद्ध झालेत, पण जिवंत मेंदूत ती नेमकी केव्हा लागते हे ठरायचंय. मला विचाराल तर पीएचडीसाठी अशी जागा उत्तम, यंत्रणा माहीत आहे आणि संदर्भ माहीत नाही.

मोडण्याच्या कामाची दुसरी बाजू म्हणजे युबिक्विटिन (मोडायच्या प्रोटीनला लावली जाणारी खूण) आणि प्रोटिआसोम (ते मोडणारं यंत्र), आणि सध्या संशोधनातून औषधापर्यंत सगळ्यात वेगाने जाणारी वाट ही आहे असं माझं मत आहे. थॅलिडोमाइडची हकीकत तुम्ही वाचली असेलच, 1950 च्या दशकाच्या शेवटी झोपेचं औषध म्हणून आलं, गरोदर बायकांनी घेतल्यावर हजारो बाळं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली आणि 1961 मध्ये मागे घेतलं गेलं. ते पेशीत कशाला चिकटतं हे कळायला 2010 उजाडलं, ते सेरेब्लॉन, आणि सेरेब्लॉन हे युबिक्विटिन लावणाऱ्या यंत्रणेचा भाग आहे. 2014 मध्ये दिसलं की त्याच कुळातलं लेनालिडोमाइड सेरेब्लॉनला इकॅरॉस आणि आयोलॉस ही दोन प्रोटीनं पकडायला लावतं, ती मोडली जातात आणि मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी मरतात. 2018 मध्ये एसएएलएल4 हे प्रोटीन अशाच पद्धतीने मोडलं जातं हे कळलं आणि व्यंगांचा मोठा भाग उलगडला. नेहमीच्या औषधाला प्रोटीनमध्ये नेमकी खाच लागते जिथे ते बसून काम बंद पाडेल. मोडायला लावणाऱ्या रेणूला फक्त धरायला जागा मिळाली की पुरतं, त्यामुळे जी प्रोटीनं औषधाच्या टप्प्यातच नाहीत असं मानलं जायचं तीही आता टप्प्यात यायला लागलीत. आणि इथे नकार देणारा प्रयोगही चोख आहे, सेरेब्लॉन काढून टाका, परिणाम गेला पाहिजे, नाही गेला तर तुमचा रेणू दुसरंच काहीतरी करतोय.

याच कल्पनेने आमची रोजची कामाची पद्धतही बदलली. पूर्वी एखादं प्रोटीन काय करतं बघायचं तर आरएनए इंटरफेरन्स (जीनचा एमआरएनए मोडून प्रोटीन बनणं थांबवायची पद्धत) वापरून दोन-तीन दिवस वाट बघायची, तेवढ्या वेळात पेशी स्वतःला सावरून घेते आणि आपण मूळ परिणाम बघतोय की सावरल्यानंतरचा हे कळत नाही. आता प्रोटीनला डेग्रॉनचं, म्हणजे मोडायची खूण असलेलं, शेपूट जोडून ठेवायचं, रसायन टाकलं की बरेचदा तासा-दोन तासात प्रोटीन गायब. एवढ्या कमी वेळात जे बिघडतं ते बहुतेक थेट बिघडलेलं असतं. माझ्या मते गेल्या काही वर्षांत कारण आणि परिणाम वेगळे करायला याच्याइतकी मदत दुसऱ्या कशाची झालेली नाही, आणि याचा गवगवा त्या मानाने फारच कमी झाला.

आता फेज सेपरेशन (पेशीतली प्रोटीनं पाण्यातल्या तेलासारखी थेंबांत वेगळी होणं), कारण तुम्ही त्याबद्दल खास विचारलंय. 2009 मध्ये ब्रँगविन, हायमन आणि सहकाऱ्यांनी सी. एलिगन्स या गोलकृमीच्या भ्रूणात दाखवलं की पी ग्रॅन्यूल नावाचे ठिपके द्रवाच्या थेंबासारखे वागतात, एकमेकांत मिसळतात, टपकतात, विरघळतात. पडदा नसताना पेशीत वेगळे कप्पे कसे राहतात याला एक भौतिक उत्तर मिळालं, आणि ते खरंच मोठं काम आहे. नंतर मात्र पेपरांचा पूर आला. प्रोटीन जास्त प्रमाणात बनवायचं, गोल ठिपका दिसला की थेंब म्हणायचं, लेझरने ठिपका मालवून चमक परत आली की द्रव म्हणायचं, आणि 1,6-हेक्झेनडायॉल हे रसायन टाकल्यावर विरघळला की सिद्ध झालं. यातली एकही गोष्ट एकट्याने पुरत नाही. चमक परत यायला इतरही कारणं असतात, हेक्झेनडायॉल पेशीतल्या अनेक गोष्टी बिघडवतं, आणि नेहमीच्या दहापट प्रोटीन बनवलं तर बरीच प्रोटीनं गोळे करतातच. आज चांगल्या लॅब काय करतात, तर मूळ जीनलाच टॅग लावून नैसर्गिक प्रमाणात बघतात आणि असा म्युटंट शोधतात ज्याची बाकी कामं शाबूत आहेत पण थेंब बनत नाही, आणि मग विचारतात की पेशीला फरक पडला का. कधीकधी काहीच फरक पडत नाही, आणि तोही महत्त्वाचा निकाल आहे. एएलएस या मज्जापेशींच्या आजारात एफयूएस, टीडीपी-43 ही प्रोटीनं घट्ट गोळे कसे होतात हा प्रश्न यातूनच नीट विचारता यायला लागला. तेव्हा या क्षेत्रात जरूर जा, पण मोजमापाला काटेकोर लॅब असेल तरच.

बाकीच्या यादीवर जरा भरभर बोलतो. क्रिस्परचा मूळ पेपर 2012 चा, आणि 2023 च्या शेवटी सिकल सेलवरचा पहिला क्रिस्पर उपचार मंजूर झाला, ज्यात रक्ताच्या मूळपेशींत गर्भातलं हिमोग्लोबिन बंद ठेवणाऱ्या बीसीएल11ए या जीनचं नियंत्रण तोडून ते हिमोग्लोबिन परत चालू करतात. 2025 मध्ये तर एका बाळासाठी, फक्त त्याच्या म्युटेशनसाठी, बेस एडिटिंगचा (डीएनएतलं एकच अक्षर बदलायचा) उपचार बनवला गेला. पण सेल बायोलॉजीच्या लॅबमध्ये क्रिस्पर आता पिपेटसारखं रोजचं झालंय, त्यामुळे 'क्रिस्परवर पीएचडी' असं ठरवू नका, त्याने काय शोधायचंय ते ठरवा.

सिंगल सेलचंही तसंच. कुठल्या ऊतीत कोणत्या प्रकारच्या पेशी आहेत याचे नकाशे फार उपयोगी आहेत पण नकाशा कारण सांगत नाही. मला त्यातलं आवडतं ते 2016 पासून आलेलं पर्टर्ब-सेक, यात हजारो जीन्स एकेक करून बिघडवायची आणि प्रत्येक पेशीत कोणतं जीन बिघडलं आणि त्याने आरएनएत काय बदललं हे एकत्रच वाचायचं. 2022 मध्ये हे 25 लाखांहून जास्त पेशींवर झालं आणि काय काम करतात हे माहीत नसलेल्या बऱ्याच जीन्सच्या कामाचा अंदाज त्यातून आला. फक्त लक्षात ठेवा की एमआरएनए वाढला म्हणजे प्रोटीन वाढलंच असं नाही, आणि ऊतीतून पेशी सुट्या करताना त्यांच्यावर ताण येतो तोही डेटात उतरतो.

ऑर्गनॉइडमध्ये मला एक काम फार देखणं वाटतं. सातो आणि क्लेव्हर्स यांनी 2009 मध्ये एकाच मूळपेशीपासून आतड्याचे छोटे गोळे वाढवून दाखवले. पुढे 2013 मध्ये सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांच्या पेशींपासून असे गोळे करून त्यांना फोर्स्कोलिन हे रसायन दिलं गेलं. या रोगात बिघडणारं सीएफटीआर हे प्रोटीन चालत असेल तर पाणी आत येऊन गोळा फुगतो, नसेल तर फुगत नाही. त्या रुग्णाच्या पेशींवर कोणतं औषध चालेल हे ताटलीतच बघता येतं. पुन्हा तेच बघा, हो किंवा नाही. याच्या तुलनेत 'आमचा ऑर्गनॉइड खऱ्या अवयवासारखा दिसतो' एवढंच सांगणाऱ्या प्रोजेक्टपासून मी तुम्हाला दूर राहायला सांगेन.

क्रायो-ईएममध्ये वेगळं केलेल्या प्रोटीनची रचना काढणं आता बऱ्याच ठिकाणी होतं. नवी गंमत क्रायो-टोमोग्राफीत आहे, पेशी झटक्यात गोठवायची, आयन बीमने तासून शे-दीडशे नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा ठेवायचा आणि रायबोसोम किंवा प्रोटिआसोम पेशीच्या आत, आपल्या जागी असतानाच बघायचे. यंत्र अतिशय महाग आहे, त्यामुळे लॅबला ते आठवड्यातून किती वेळ मिळतं हे विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

अल्फाफोल्डबद्दल तुमची काळजी मला समजते, पण माझा अनुभव उलटा आहे. 2020 मध्ये त्याने प्रोटीनचा आकार ओळखायच्या स्पर्धेत बाजी मारली, 2022 पर्यंत 20 कोटींहून जास्त प्रोटीनांचे अंदाज सगळ्यांसाठी खुले झाले, 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल या कामालाही मिळालं. पण तो जे देतो तो आकाराचा अंदाज आहे. ते प्रोटीन केव्हा बनतं, किती बनतं, पेशीत कुठे असतं, फॉस्फेट लागल्यावर कोणाला सोडून कोणाला धरतं, हे त्यातून कळत नाही, आणि ज्या भागांना ठरावीक आकारच नाही तिथे तो कमी खात्रीचा वळवळता दोरा दाखवतो, आणि सिग्नलिंगमधलं बरंचसं काम तर अशाच भागांवर चालतं. आमच्याकडे प्रत्यक्ष झालेला बदल असा की पूर्वी दोन प्रोटीनं कुठे जुळतात हे शोधायला तुकडे पाडून बघत महिने जायचे, आता अंदाज उघडायचा, जुळणीच्या जागी एक-दोन अमिनो आम्लं बदलायची आणि जोडी सुटते का ते बघायचं. सुटली नाही तर अंदाज चूक. म्हणजे तपासण्यासारख्या कल्पना कितीतरी पटीने वाढल्यात आणि तपासणारे हात तेवढेच आहेत, तेव्हा काम उरणार का याची चिंता सोडा.

मी इथून सांगू शकत नाही अशा गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. तुम्हाला अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपवर सहा-सहा तास बसायला आवडतं की प्रोटीन शुद्ध करायला की डेटा चाळायला, हे तुम्हालाच माहीत. गाईड किती वेळ देतो, आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, यंत्रं लॅबची स्वतःची आहेत की रांग लावावी लागते, या गोष्टी विषयापेक्षा जास्त फरक करतात. लॅब बघायला जाल तेव्हा विद्यार्थ्यांना एकट्यात गाठा आणि विचारा की अँटिबॉडी आली की ते जीन काढलेल्या पेशींवर तपासता का, मायकोप्लाझ्मा या पेशींना लागणाऱ्या छुप्या जिवाणूची तपासणी किती वेळा होते, सेल लाइन खरंच तीच आहे याची डीएनए तपासणी केलीय का (इतर लाइनमध्ये हेला मिसळल्याची उदाहरणं भरपूर आहेत), आणि शेवटचा प्रोजेक्ट चालला नाही तेव्हा त्या निकालाचं काय केलं. शेवटच्या प्रश्नावर लोक काय बोलतात ते नीट ऐका.

राहिलं कोडिंग. हो, शिका, पण पायथन किंवा आर यातलं एक, आणि तेही स्वतःच्या फोटोंमधले ठिपके मोजून आलेख काढता येईल इतपत पुरे, बाकी गरज पडेल तसं येतं. त्याहून आधी स्टॅटिस्टिक्सची एक गोष्ट पक्की करा, कारण आमच्या विषयात ती सगळ्यात जास्त चुकते. तीन वेळा प्रयोग केला आणि प्रत्येक वेळी शंभर पेशी मोजल्या तर तुमचा एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) तीन असतो, तीनशे नाही. एकाच ताटलीतल्या पेशी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. तीनशे धरलं की अगदी किरकोळ फरकालाही पी व्हॅल्यू सुंदर येते आणि पुढचा विद्यार्थी तो परिणाम शोधत वर्ष घालवतो. आलेखात पेशींचे ठिपके दाखवा, पण प्रत्येक प्रयोगाची सरासरी वेगळ्या रंगात काढा आणि तुलना त्या तीन सरासऱ्यांची करा. ज्या दोन-तीन लॅब तुमच्या मनात आहेत त्यांचे अलीकडचे पेपर काढून आधी हेच बघा, आणि मग त्यातल्या कुठल्या पेपरबद्दल शंका वाटली तर इथेच विचारा, वाचून सांगेन.